१६३ लेयर्स आणि एक कुंपण: ग्रुप नेमके कशाच्या आधारावर करायचे?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, सगळं काम क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आत्ताच्या पुस्तकात एक रात्रीचं पान आहे, मागे घर, बाजूला झाड, पुढे कुंपण, कुंपणामागे हातात कंदील घेतलेली मुलगी आणि तिचा कंदिलाचा हात कुंपणावरून पुढे आलेला. काढताना हात चालत होता म्हणून नवीन लेयर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर) घेत गेले, घेत गेले, आणि संपल्यावर मोजले तर १६३. नावं म्हणजे 'पेंट लेयर ८८', मग त्याची कॉपी, मग त्या कॉपीची कॉपी.

परवा निरोप आला की फ्रॉक लाल नको, पिवळा करा. एवढंच. पण फ्रॉकचा मूळ रंग एका लेयरवर, घड्या तीन वेगळ्या लेयर्सवर, ठिपके अजून कुठेतरी खाली, आणि कंदिलाचा उजेड फ्रॉकवर पडतो तो पार वरच्या टोकाला. एकेका लेयरचा डोळा बंद करून (म्हणजे तो लपवून) बघत बसले आणि त्यातच दोन तास गेले.

म्हणून काल ठरवलं की ग्रुप करायचेच. मुलीचे सगळे लेयर्स निवडले, कंट्रोल जी दाबलं आणि दोन गोष्टी झाल्या. एक, अख्खी मुलगी कुंपणाच्या पुढे येऊन उभी राहिली. दोन, तिची जमिनीवरची सावली होती तिथे चक्क फिकट जांभळं ठिगळ आलं, सपाट, कागद चिकटवल्यासारखं. अंडू करून परत १६३ वर आलेय. मला वाटायचं ग्रुप म्हणजे फक्त फोल्डर, आवराआवरीपुरता. मग चित्र कसं बदललं? आणि तुम्ही सगळे ग्रुप कशावरून करता, वस्तूवरून, रंगावरून, की अजून कशावरून? जरा सविस्तर सांगा प्लीज, अजून अकरा पानं बाकी आहेत.

चौकट

दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत, आधी कुंपणाचं सांगतो. लेयर्सची उतरंड असते, आणि तुम्ही उतरंडीतल्या वेगवेगळ्या जागांवरचे लेयर्स उचलून एकत्र बांधले की ते सगळे एकाच जागी येणार, दुसरं काही होऊच शकत नाही. तुमच्या मुलीचं अंग कुंपणाच्या खाली होतं आणि हात कुंपणाच्या वर होता. ग्रुप सगळ्यात वरच्या निवडलेल्या लेयरच्या जागी तयार झाला, म्हणजे हाताच्या जागी, म्हणून अंगही कुंपणाच्या वर गेलं. फोटोशॉपमध्येही हेच होतं, नवीन माणसाला पहिला झटका हाच बसतो.

यावर उपाय तीन. हाताचा वेगळा ग्रुप करा आणि तो कुंपणाच्या वर ठेवा, नावात जोडी दिसू द्या, 'मुलगी अंग' आणि 'मुलगी हात'. किंवा कुंपणालाच मुलीच्या ग्रुपमध्ये घ्या, कुंपण दुसरीकडे कशाला अडत नसेल तर. किंवा मुलगी कुंपणाच्या वरच राहू द्या आणि ग्रुपवर मास्क (न पुसता हवा तेवढा भाग झाकणारा पडदा) लावून जिथे फळ्या दिसायला हव्यात तिथे झाका. मी पहिला घेईन. मास्कवाला उपाय दिसायला सोपा आहे पण उद्या मुलगी जरा डावीकडे सरकवा म्हणाले की मास्क परत रंगवा.

गाळणी

सावलीचं मी सांगते कारण मी याच्यात खूप रडलेय.

तुमची सावली मल्टिप्लायवर असणार, बरोबर? फिकट जांभळा रंग, मोड (लेयर खालच्या रंगात कसा मिसळतो ती सेटिंग) मल्टिप्लाय. मल्टिप्लाय म्हणजे खाली जो रंग आहे त्याच्याशी गुणाकार, म्हणून खालची पायवाट गडद होते आणि सावली दिसते. आता क्रितामध्ये ग्रुप केला की तो आधी आतल्या आत स्वतःचं एक चित्र तयार करतो, बाहेरचं त्याला काही दिसत नाही, आणि मग ते तयार चित्र खालच्या चित्रावर ठेवतो. ग्रुपच्या आत सावलीखाली काय होतं? काहीच नाही, पारदर्शक. मग गुणाकार कशाशी करणार? म्हणून रंग जसाच्या तसा उमटला आणि पायवाटेवर ठिगळासारखा बसला.

ग्रुपला पास थ्रू करा, ठिगळ जाईल. पास थ्रू म्हणजे ग्रुप नुसता फोल्डर होतो, आतल्या लेयर्सना खालचं सगळं दिसायला लागतं.

निळीशाई

अच्छाआआ. म्हणजे माझ्या डोक्यात जो फोल्डर होता तो पास थ्रूवाला होता. केलं आत्ता, सावली परत आली! पण मग ही सेटिंग आधीपासूनच का नसते?

चौकट

फोटोशॉपमध्ये असते. तिथे नवीन ग्रुपचा मोडच पास थ्रू असतो, त्यामुळे फोटोशॉपवाल्यांना हे ठिगळ सहसा दिसत नाही, त्यांचा घोटाळा उलटा होतो. ग्रुपमध्ये कर्व्ह्जचा ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या चित्राचा उजेड-रंग बदलणारा लेयर) टाकतात, वाटतं की ग्रुपपुरतंच काम करेल, आणि तो खालचं अख्खं चित्र बदलून ठेवतो, कारण पास थ्रू. ग्रुपचा मोड नॉर्मल केला की कर्व्ह्ज ग्रुपच्या आतच राहतात. गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये परत क्रितासारखं, ग्रुप आधी बंद असतो, पास थ्रू मागून निवडायचा, आणि तो पर्यायही २०१८ च्या २.१० पासूनच आहे.

म्हणून मी कोणालाही शिकवताना आधी हेच सांगतो की ग्रुप दोन जातीचे, बंद पेटी आणि उघडी टोपली. पेटीला बाहेरचं दिसत नाही, टोपलीला दिसतं. करताना ठरवा आपल्याला यातलं काय हवंय.

तिरपीरेघ

+१ पेटी आणि टोपली. पण निळीशाई ताई, मुलीच्या ग्रुपला सरसकट पास थ्रू करून ठेवू नका हो. क्रितात बंद पेटीचा जो खरा उपयोग आहे तोच हातचा जाईल.

इनहेरिट अल्फा वापरता का? नसाल तर तुमच्या फ्रॉकचं दुखणं तिथेच आहे. फ्रॉकचा एक सपाट रंगाचा लेयर, नुसता आकार. त्याच्यावर घड्यांचा लेयर, त्याच्यावर ठिपक्यांचा, त्याच्यावर कंदिलाच्या उजेडाचा. वरच्या तिघांना इनहेरिट अल्फा चालू. आता तुम्ही कितीही बाहेर ब्रश फिरवा, रंग फ्रॉकच्या आकाराबाहेर जाणार नाही, कडा सांभाळायची कटकट संपली. पण हे चालतं ते ग्रुपच्या आतच, कारण इनहेरिट अल्फा एका लेयरचा आकार बघत नाही, त्या ग्रुपमध्ये खाली जे जे आहे त्या सगळ्याचा मिळून आकार बघतो. ग्रुपबाहेर केलंत तर खाली तुमचं आकाश आहे, ते पूर्ण पानभर, मग कापणार काय? कितीतरी जण म्हणतात हे बटण चालतच नाही, त्यांनी ग्रुप केलेला नसतो.

तर फ्रॉकचा ग्रुप बंद ठेवा. कंट्रोल शिफ्ट जी दाबलं की क्रिता हा क्लिपिंग ग्रुप एका झटक्यात करून देतो. उद्या परत रंग बदलायचा तर सगळ्यात खालचा एक लेयर बदलायचा, घड्या मल्टिप्लायवर असतील तर त्या आपोआप पिवळ्याच्या घड्या होतात. आणि मल्टिप्लाय इथे पेटीच्या आत असूनही नीट चालतो, कारण त्याच्याखाली फ्रॉक आहे. सावलीखाली काही नव्हतं म्हणून ती बिघडली.

निळीशाई

हे वाचून आधी फ्रॉकच करून बघितला. सपाट रंग, घड्या, ठिपके, उजेड. लाल, पिवळा, हिरवा, परत पिवळा, सगळं मिळून एक मिनिट पण नाही. खरंच डोळ्यात पाणी आलं, दोन तास घालवले होते मी याच्यावर.

पण सावलीचं काय करू? ती मुलीच्या ग्रुपमध्ये ठेवली तर ग्रुप उघडा ठेवावा लागतो.

गाळणी

माझ्या मते सावली मुलीची नसतेच, जमिनीची असते. पायवाटेच्या वर, मुलीच्या खाली, स्वतःचा लेयर. पण मुलगी सरकवली की सावली मागे राहते हा त्रास आहे, म्हणून मी दोन मजली करते. बाहेरचा ग्रुप 'मुलगी सगळी', पास थ्रू. त्याच्या आत खाली सावली आणि वर 'मुलगी अंग' हा बंद ग्रुप. सरकवायचं तर बाहेरचा धरून सरकवा, रंगाचं काम आतल्या पेटीत करा.

पानगळ

इथे सगळे चित्रवाले दिसतायत, मी फोटो रिटचिंग करतो, आमच्याकडे लेयर्स फार नसतात, वीस पंचवीस झाले म्हणजे खूप. पण ग्रुपचा एक उपयोग कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मास्क.

माणसाचा फोटो आहे, मागचं आकाश गडद करायचं, निळं वाढवायचं, थोडं धूसर करायचं. नवशिके काय करतात, माणसाभोवतीचा मास्क एकदा बनवतात आणि तोच तीन लेयर्सवर कॉपी करतात. मग केसांपाशी मास्क सुधारायचा झाला की तीन ठिकाणी सुधारा. त्यापेक्षा तिन्ही लेयर्स मास्क न लावता ग्रुपमध्ये टाका आणि मास्क एकदाच ग्रुपवर लावा. आणि कृपा करून तोच मास्क ग्रुपवर आणि आतल्या लेयरवर असा दोन्हीकडे ठेवू नका. मऊ कडेला मास्क ५० टक्के असतो, तिथे ५० गुणिले ५० होऊन २५ टक्केच उरतं आणि केसांभोवती फिकट रेघ दिसायला लागते. ती रेघ कुठून आली हे मी एकदा अख्खी दुपार शोधत होतो, शेवटी मास्क बंद करून करून सापडलं.

ओपॅसिटीचं, म्हणजे लेयर किती गडद किंवा विरळ दिसतो त्याचं, पण तेच. एखादी आकृती अर्धपारदर्शक करायची तर आतल्या प्रत्येक लेयरला ५० करू नका, हातामागून फ्रॉक दिसेल, फ्रॉकमागून पाय दिसतील. ग्रुपची ओपॅसिटी कमी करा, आकृती एकसंध विरळ होते.

रात्रपाळी

मी जुना माणूस, तेव्हा थोडा इतिहास. फोटोशॉपमध्ये लेयर्सच १९९४ च्या ३.० मध्ये आले, त्याच्या आधी एकदा चिकटवलं की चिकटलं. आणि लेयर्स एकत्र ठेवायची सोय यायला २००० सालचं ६.० यावं लागलं, तेव्हा त्याला लेयर सेट म्हणायचे, ग्रुप हे नाव नंतरचं. गिम्पवाल्यांना तर २०१२ च्या २.८ पर्यंत थांबावं लागलं आणि एकावेळी अनेक लेयर्स निवडायची नीट सोय २०२५ च्या ३.० मध्ये मिळाली. सांगायचं कारण, मधली सगळी वर्षं आम्ही नावांवर काढली. प्रत्येक लेयरला नाव, आणि नावाच्या आधी क्रमांक. ती सवय अजून आहे आणि मी आजही म्हणेन की नाव नसलेला लेयर फाइलमध्ये राहता कामा नये.

तिरपीरेघ

दादा, आदर आहे पण इथे मी असहमत. १६३ लेयर्सना नावं द्यायला बसलं तर चित्र कधी काढायचं? मी ग्रुपला नाव देते, प्रत्येक ग्रुपला, न चुकता, आणि आत फक्त त्या लेयरला जो मी परत उघडणार आहे हे मला माहितीय. 'फ्रॉक मूळ रंग' याला नाव हवंच. घडीवरच्या चौथ्या ब्रशच्या फटकाऱ्याला नको. काम करताना लेयर शोधायचा तर नाव वाचत कोण बसतं, क्रितात आर दाबून धरून चित्रावर क्लिक केलं की त्या जागचा लेयर निवडला जातो.

रात्रपाळी

तुमची फाइल फक्त तुम्हीच उघडणार असाल तर चालेल. माझ्या फाइल्स सकाळच्या पाळीतला माणूस उघडतो, मी तेव्हा झोपलेलो असतो. त्याला 'घडी ४' वाचून कळतं की ही हलवली तर काय हलेल. फोटोशॉपमध्ये नाव बदलायला डबल क्लिक करा आणि लिहून झालं की टॅब दाबा, लगेच पुढच्या लेयरचं नाव लिहायला मिळतं, वीस लेयर्सना दोन मिनिटं लागत नाहीत. आणि पॅनलच्या ऑप्शन्समध्ये कॉपी केलेल्या लेयरला 'कॉपी' शब्द जोडायची खूण असते ती काढून टाका, निम्मा कचरा तिथेच कमी होतो.

चौकट

दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे. फाइल किती हातांतून जाणार यावर नावं किती हे ठरतं.

पण मूळ प्रश्न ग्रुप कशावरून करायचे हा होता आणि त्याचं उत्तर अजून कोणी नीट दिलं नाही असं मला वाटतं. वस्तूवरून की रंगावरून हा विचारच मी सोडून दिला. मी बघतो की उद्या काय एकत्र बदलायला सांगतील. एकत्र सरकणारं एका ग्रुपमध्ये, एकत्र लपणारं एका ग्रुपमध्ये, एकत्र रंग बदलणारं एका ग्रुपमध्ये. तुमच्या चित्रात झाडाची पानं आणि खोड वेगवेगळ्या वस्तू असतील पण कोणी खोड ठेवून पानं हलवा म्हणणार नाही, मग झाडाचा एकच ग्रुप पुरे, आत अजून तीन मजले करून काय मिळणार? उलट मुलीवर सगळ्यांचं लक्ष, कपडे बदला, केस मोठे करा, हसरी करा. तिथे बारीक ग्रुप हवेत. म्हणजे एकाच चित्रात एक कोपरा खूप विभागलेला आणि दुसरा नुसता ढीग असं असू शकतं आणि त्यात काही चूक नाही. सगळीकडे सारखं विभागायला गेलात तर आठवडा त्यातच जाईल.

आणि जे दोन ग्रुप्समध्ये विभागलं गेलंय, जसा तुमचा अंग आणि हात, त्यांना एकच रंगाची खूण द्या. क्रितात आणि फोटोशॉपमध्ये दोन्हीकडे रंगावरून गाळून तेवढेच लेयर्स दिसतात. मी पिवळा म्हणजे अजून मंजुरी यायचीय, लाल म्हणजे हात लावू नका, असं ठेवलंय, तुम्ही तुमचं ठरवा पण एकदा ठरलं की बदलू नका.

काठपदर

मी कटआउट ॲनिमेशनवाल्यांना (आकृतीचे सुटे तुकडे हलवून ॲनिमेशन करणाऱ्यांना) फाइल्स बनवून देते, चौकट म्हणतात ते आमच्याकडे फार कडक आहे. खांदा ते कोपर एक, कोपर ते मनगट एक, पंजा एक, कारण तिथेच वाकणार. आणि सांध्यापाशी दोन्ही तुकडे एकमेकांखाली थोडे जास्त रंगवून ठेवायचे, नाहीतर हात वाकला की कोपरात भोक. तिथे लेयरचं नाव बदललं तर पुढे जोडलेलं सगळं तुटतं, त्यामुळे रात्रपाळींच्या बाजूने माझं मत.

निळीशाईंना एक सांगेन, झाडाला चाळीस पानं असतील आणि सगळी एकाच पानाच्या कॉप्या असतील तर क्रितात क्लोन लेयर करा, फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट. मूळ पान बदललं की चाळीसही बदलतात. ग्रुपने हे होत नाही, ग्रुप कॉपी केला की ती वेगळी कॉपी, तिला मूळ ग्रुपची ओळख राहत नाही.

मसुदा

उशिरा आलो, पण मर्जबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोच. फाइल जड झाली की लोक ग्रुप निवडतात, कंट्रोल ई दाबतात, एकच लेयर होतो, हलकं वाटतं, सेव्ह. मी एका पोस्टरच्या मजकुराचा अख्खा ग्रुप असा मर्ज करून सेव्ह करून बंद केला होता आणि दुसऱ्या दिवशी एका शब्दात ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं निघालं. अक्षरं तर आता चित्र झालेली. पूर्ण मजकूर परत टाइप करून, अंतरं परत जुळवून, रात्र गेली.

तेव्हापासून नियम असा की आधी ग्रुपची कॉपी, मूळ ग्रुपला 'अक्षरं मूळ' नाव देऊन डोळा बंद, आणि मर्ज फक्त कॉपीचा. मराठी मजकुराला तर हे दुप्पट गरजेचं, कारण फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली आणि तिथे फॉन्ट नसला, किंवा मजकूर बदलताना फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू नसला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. समोरच्याला मर्ज केलेली अक्षरं दिसू दे आणि सुधारायला मूळ तुमच्याकडे राहू दे. लपवलेले लेयर्स जागा खातात हे खरं, फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल २ जीबीपर्यंतच जाते, त्याच्या पुढे पीएसबी म्हणून सेव्ह करावी लागते, पण पुस्तकाच्या एका पानाला एवढं होणार नाही.

निळीशाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, वाचनखूण साठवलीच आहे. तीन दिवसांत काय झालं ते सांगते.

रात्रीचं पान नव्याने लावलं. खाली 'आकाश', त्यावर 'घर झाड', हे दोन्ही नुसते ढीग, आत काही आवरलं नाही, चौकट म्हणाले तसं. मग 'मुलगी सगळी' उघडी, तिच्यात सावली आणि 'मुलगी अंग' बंद, अंगात फ्रॉक, चेहरा, केस तीन पेट्या. मग 'कुंपण'. मग 'मुलगी हात कंदील', दोन्ही मुलगी ग्रुप्सना हिरवी खूण. आणि सगळ्यात वर 'उजेड', स्क्रीन मोडवरचे (खालचं उजळवणारा मोड) चारच लेयर्स, पास थ्रू, कारण तो कुंपणावर, गवतावर, सगळीकडे पडतो. पेटी केली होती आधी, उजेड एकदम मळकट झाला, बघितल्या बघितल्या कळलं का ते. १६३ चे ७१ झाले, बाकीचे बहुतेक रिकामे किंवा डोळा बंद करून विसरलेले होते.

नावांचं मी अर्धं अर्धं केलंय, ग्रुप सगळे आणि मुलीचे लेयर्स सगळे, घर झाड सोडून दिलं.

आणि आज सकाळी निरोप आला, कंदील दुसऱ्या हातात द्या. तो हात कुंपणाच्या मागे आहे, म्हणजे 'मुलगी हात कंदील' मधला फक्त कंदील खाली अंगात न्यायचा आणि उजेड सरकवायचा. पंधरा मिनिटांत पाठवलं. एकच अडलं, कुंपणाच्या फळ्यांना आता मागून उजेड लागायला हवा, त्यांच्या कडा उजळायला हव्यात, ते कुठे ठेवू? उजेडात की कुंपणात?

तिरपीरेघ

कुंपणात. कुंपणाचा बंद ग्रुप, वर एक लेयर इनहेरिट अल्फा, स्क्रीन मोडवर, फक्त कडांना. कंदील परत हलला तर तेवढा एक लेयर पुसून परत काढायचा. पान झालं की टाका इथे, बघायचंय.